माझा शब्द, तिच्या अक्षरात

मंगळवार, ४ सप्टेंबर

गेला! माझा शब्द गेला!

सकाळी स्टाफरूममध्ये पाऊल टाकलं आणि समोर फळ्यावर — लाइटसम. तिरक्या, वर वर चढत जाणाऱ्या अक्षरात. असं अक्षर अख्ख्या कॉलेजात एकाच बाईचं आहे. झुळूक! पोरं तिला झुळूक म्हणतात. (मला रोडरोलर म्हणतात. मला ते माहीत नाही, असा त्यांचा समज आहे.)

एक दिवस मी नव्हते. एकच दिवस! काल ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. आणि नेमका कालच फळा उघडला.

आमच्या इंग्रजी विभागाची ही जुनी खोड. वर्षातून एकदा प्रत्येकाने एका शब्दावर तासभर बोलायचं. एकच शब्द. तो पुस्तकांत कुठे आला, कोणाच्या तोंडी आला, कसा म्हातारा झाला, मेला की तगला. सत्र सुरू झालं की दोन दिवस फळा मोकळा असतो. शब्द लिहायचा, पुढे स्वतःची आद्याक्षरं. जो आधी लिहील त्याचा. गैरहजर माणसासाठी जागा धरायची नाही, असाही नियम आहे — बसमधल्या रुमालासारखं नको म्हणून. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विभागप्रमुख सगळं उतरवून छापायला देतो. मग ब्रह्मदेव आला तरी बदल होत नाही.

मी ह्या वर्षी निवृत्त होणार. जाताना ह्याच शब्दावर बोलायचं, हे मी किती वर्षं मनात धरून होते! दुसरे शब्द उरकले, हा हलक्या पावलाचा, आनंदी मनाचा शब्द राखून ठेवला. नवी पोरं जुन्या शब्दांवर टपलेली असतात, म्हणून कोणाला बोलले नाही. एका माणसाला सोडून. सांगितलं मीच, कँटीनमध्ये, चहा पिताना — ‘जाताना लाइटसमवर बोलून जाणार बघ.’ तेव्हा झुळूक म्हणाली होती, ‘तू आणि लाइटसम!’ आणि हसत सुटली होती. मीही हसले होते. मूर्ख कुठची!

आज ती मागूनच आली. ‘आलीस! भाऊजी कसे आहेत? आणि ऐक ना, ते फळ्यावरचं —’

मी बोलूच दिलं नाही. रडू फुटलं असतं सगळ्यांसमोर. म्हटलं, ‘अगं, छान केलंस! मी तो केव्हाच सोडला. पोरकट वाटायला लागला.’

‘सोडलास? खरंच?’

‘खरंच गं. ह्या वयात जरा भारदस्त काहीतरी हवं.’

आणि खडू उचलून तोंडात पहिला आला तो शब्द लिहिला. पॉन्डरस. जड, बोजड, रटाळ. इतका दाबून लिहिला की खडू मोडला. विभागप्रमुख — माझाच विद्यार्थी, आता माझाच साहेब — म्हणाला, ‘वा मॅडम, अगदी तुमच्या ढंगाचा शब्द!’

तळपायाची आग मस्तकात गेली. हसून ‘थँक्यू’ म्हटलं.

५ सप्टेंबर

छापून आलं. मी १५ नोव्हेंबरला. ती ७ डिसेंबरला, सगळ्यांत शेवटी, म्हणजे मानाच्या जागी. वा रे न्याय!

शनिवार, ८ सप्टेंबर

हो, जळते मी तिच्यावर. लिहून टाकते एकदाचं, म्हणजे दिवसभर चेहरा सांभाळायला बरं.

आम्ही एकाच वर्षी नोकरीला लागलो. एकाच बाकावर बसून पहिला पगार मोजला. तेव्हापासून बघते आहे. ती वर्गात रिकाम्या हाताने जाते आणि पोरं खिडकीत बसून ऐकतात. मी तीन रात्री जागून टिपणं काढते आणि मागच्या बाकावर चिंचोके खेळतात. ती उशिरा आली तरी शिपाई दार उघडून धरतो. मी वेळेवर येते तर म्हणतो, ‘मॅडम, आज लवकर?’ नवरा गेला तिचा, ऐन चाळिशीत. थोड्याच दिवसांत वर्गावर उभी राहिली, आणि पहिल्याच तासाला वर्ग हसत होता. मला तेव्हा राग आला होता. अजून येतो. दुःखसुद्धा हिच्यावर बसताना विचारून बसतं की काय! मला साधं वेळापत्रक बदललं तरी दोन दिवस डोकं दुखतं.

सगळं आहे तिच्याकडे. ती स्वतःच लाइटसम आहे. आरशात बघून बोलली असती तरी तास भरला असता. मग शब्द कशाला हवा होता तिला? माझ्याकडे तो फक्त कागदावर होता. तेवढा तरी राहू द्यायचा.

१७ सप्टेंबर

वर्गात आज उगाचच ‘सम’ शेपटीचे शब्द फळ्यावर लिहिले. टायरसम, ट्रबलसम, बर्डनसम — कंटाळवाणा, त्रासाचा, ओझ्याचा. हे सगळे अजून ठणठणीत आहेत, वर्तमानपत्रात रोज दिसतात. ग्लॅडसम, लाइटसम — आनंदाचा, हलक्या मनाचा — हे गेले. विचारलं, ‘असं का झालं असेल?’ एक जण म्हणाला, ‘परीक्षेला आहे का?’

माझ्या तासाचा मध्यच हा होता. माझ्या न होणाऱ्या तासाचा.

मला हा शब्द पहिल्यांदा भेटला तो एका जुन्या पोवाड्यासारख्या गाण्यात. डोंगराळ मुलुखातलं गाणं, मुलगी पाण्याला निघालेली, तिचं पाऊल लाइटसम. मग एका प्रवासवर्णनात एक खोली भेटली. भरपूर खिडक्यांची, उजेडाची, तीही लाइटसम. मग तीन खंडांची ती कादंबरी. कोणी वाचत नाही, पहिले दोन खंड मीही दात-ओठ खाऊन वाचले. तिसऱ्यात एक म्हातारी आपल्या मुलाला दफन करून घरी येते, चूल पेटवते, आणि लेखक म्हणतो, तिचं मन लाइटसम झालं. मी पुस्तक मिटून बसले होते. तेव्हापासून जिथे जिथे हा शब्द दिसला तिथे थांबले, आणि बहुतेक वेळा मागच्या पानावर कोणीतरी रडलेलं असायचं. नुसत्या खिदळणाऱ्यांसाठी हा शब्द नाही. ओझं उतरवून ठेवलेल्यांसाठी आहे.

मराठीत काय म्हणावं? हलकं म्हटलं की लगेच हलका माणूस, हलका माल. आपल्याकडे हलकं म्हणजे शिवीच. हलकंफुलकं म्हणजे रविवारच्या पुरवणीतला लेख. मोकळं? जवळ जातं, पण पाऊल मोकळं होत नाही. मी ह्यावर दहा मिनिटं बोलणार होते.

झुळूक ‘हलकंफुलकं’ म्हणणार आणि पुढे जाणार. पैज लावते!

रविवार, ३० सप्टेंबर

लेकीचा फोन. पहिलं वाक्य — ‘बाबांचा डोळा कसा आहे?’ ठीक. दुसरं वाक्य — ‘मावशी कशी आहे गं? ह्या वर्षी तिचं लेक्चर शेवटी आहे ना? मी येणार आहे!’

माझं कधी आहे, ते मी सांगितल्यावर ‘अरे हो का’ म्हणाली. ‘त्या दिवशी आमच्या ह्यांची टूर आहे, बघते.’

पोटची पोर!

९ ऑक्टोबर

आज तिने कमाल केली. माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसली. ‘ए, मला जरा सांग ना. ह्या शब्दासाठी मी वाचू काय? तू एवढं वाचलं होतंस त्यावर. मला तर दोन गाणी सोडून काही आठवत नाही.’

म्हणजे बघा! शब्द उचलून न्यायचा आणि वर चहापाणीही आम्हीच करायचं!

‘सगळं विसरले गं,’ म्हटलं.

‘ती तीन खंडांची कादंबरी म्हणाली होतीस बघ, नाव काय तिचं?’

‘नाव आठवत नाही.’ (जिभेच्या टोकावर होतं.)

ती माझ्याकडे बघत बसली. मग म्हणाली, ‘तू रागावलीस का माझ्यावर?’

‘मी? छे! कशाबद्दल?’

‘नाही, मला आपलं वाटलं. त्या दिवशी मी तुला सांगणार होते —’

तेवढ्यात घंटा झाली. देव पावला. मी पुस्तकं उचलली आणि निघाले. तास नव्हता माझा. रिकाम्या वर्गात जाऊन बसले.

१० ऑक्टोबर

आज मी जे केलं ते लिहायला हात जरा अडखळतो आहे. पण लिहिते.

ग्रंथालयात गेले. मोठ्या कोशाचा ‘एल’चा खंड. गाण्यांचे दोन संग्रह. प्रवासवर्णन. कादंबरीचे तिन्ही खंड. सगळं काढलं. शिक्षकांना वर्षभर ठेवता येतात, कोणी विचारत नाही. आणि कोणाकडे कुठलं पुस्तक आहे ते आमचे ग्रंथपाल सांगत नाहीत. पूर्वी त्यावरून दोन प्राध्यापकांची मजल एकमेकांची कॉलर धरेपर्यंत गेली होती म्हणे.

‘मॅडम, एवढं सगळं पॉन्डरसला लागतं?’ ग्रंथपाल म्हणाले.

‘जड विषय आहे,’ मी म्हटलं. ते हसले. मला मात्र हसू आलं नाही.

दोन फेऱ्या कराव्या लागल्या. खांदा भरून आला. बेडरूमच्या कपाटात चादरींच्या मागे ठेवली. ह्यांनी नव्या डोळ्याने बघितलं. ‘चादरींना एवढं वाचायला लागलं का?’

‘तुम्ही पडून राहा.’

११ ऑक्टोबर

झोप छान लागली. हेच लिहायचं होतं.

शुक्रवार, २६ ऑक्टोबर

संध्याकाळी ती घरी आली. न सांगता. ह्यांना बघायला म्हणे. पट्टी काढून दीड महिना उलटला, आता काय बघायचंय?

ह्यांचं तोंड असं खुललं! मी दिवसभर घरात असते तेव्हा वर्तमानपत्राच्या मागे असतात. ती आली तर खुर्ची झटकली, स्वतः उठून चहा टाकला! साखर कुठल्या डब्यात असते ते ह्यांना माहीत आहे, हे मला आज कळलं.

तिने सांगितलं, ऑपरेशननंतर तिच्या सासूबाईंनी पट्टी काढल्यावर घरात पहिलं काय बघितलं तर कोळ्याची जाळी! ‘सून आंधळी आहे, डोळे माझे तपासले!’ म्हणाल्या. हे पोट धरून हसले. मीही हसले असते. पण तिच्यासमोर हसायचं नाही असं ठरवलं होतं म्हणून दात दाबून बसले, आणि दाढ दुखायला लागली.

मग म्हणाली, ‘भाऊजी, मी बाई पार अडकले आहे. ग्रंथालयात जाते, हवं ते पुस्तक बाहेर. प्रत्येक वेळी! एक पुस्तक नाही शिल्लक. कोणीतरी माझ्या आधी फिरतंय बघा तिथे.’

हे म्हणाले, ‘पुस्तकं? अहो, मग आमच्या कपाटात —’

मला जो काही खोकला आला! कप सांडला, बशी फुटली. ती धावत पाणी घेऊन आली, पाठ चोळली माझी. ‘किती ताण घेतेस गं. लेक्चर ना तुझं जवळ आलंय? सैल सोड एकदा हातपाय.’

ती गेल्यावर ह्यांनी खुर्ची जागेवर ठेवली. मग म्हणाले, ‘ती आली की घर कसं हलकं वाटतं.’

‘मग तिलाच ठेवा.’

‘ती पुस्तकं तिला हवी होती का?’

मी सांडलेला चहा पुसायला घेतला.

‘तू तिच्यावर जळतेस,’ हे म्हणाले. रागाने नाही, पाऊस येईल असं वाटतं म्हणावं तसं.

‘जळायला मी काय शेगडी आहे?’ म्हटलं आणि बशीचे तुकडे गोळा करायला गेले. बोट कापलं.

२ नोव्हेंबर

चादरी काढायला कपाट उघडलं की ती पुस्तकं दिसतात. जुनीच चादर ठेवली आहे.

१३ नोव्हेंबर

पॉन्डरस लिहून झालं. वाचून दाखवलं ह्यांना. ऐकता ऐकता डोळा लागला त्यांचा. चांगला झालेला डोळाही.

गुरुवार, १५ नोव्हेंबर

झालं एकदाचं. पंधरा पानं वाचली. माहिती चोख, उदाहरणं चोख. कोणी उठून गेलं नाही. कोणी जागचं हललंही नाही. नंतर विभागप्रमुख म्हणाला, ‘मॅडम, विषय अगदी मूर्तिमंत उभा केलात!’ हे कौतुक होतं की काय, देव जाणे. लेक आली नाही.

टाळ्या वाजल्या, पण पहिल्यांदा आणि सगळ्यांत जोरात वाजवल्या तिने. उभी राहून! तिला बघून मग बाकीचे उभे राहिले. म्हणजे ह्या टाळ्याही तिच्याच. मला माझ्या म्हणून एक तरी टाळी मिळू द्या की रे!

नंतर माझ्याजवळ आली. म्हणाली, ‘खूप कष्ट घेतलेस.’ आणि मग हळूच, ‘पण मन नव्हतं ना गं तुझं ह्यात?’

मी म्हटलं, ‘मनाचा शब्द तुझ्याकडे आहे.’

निसटलंच तोंडातून. तिच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं. मी पटकन म्हटलं, ‘गंमत केली.’ पण ती काही हसली नाही.

२८ नोव्हेंबर

आज तिला जिन्यात बघितलं. मधल्या पायरीवर थांबली होती, कठड्याला धरून. तिला जिन्यात थांबलेली मी कधी बघितलेली नाही. ती आपली बोलत बोलत वर निघून जाते आणि मी खालून म्हणते, अगं थांब.

‘बरं नाही का?’ मी विचारलं. एवढं विचारते मी.

‘बरी आहे. झोप नाही. काही सुचतच नाही गं मला. तासभर काय बोलू मी? उभी राहिले आणि काही आलंच नाही तर?’

‘तुला काही आलं नाही असं कधी झालंय का?’

‘तुला काय वाटतं, मला सगळं असंच येतं?’

मला असंच वाटतं. इतकी वर्षं मला हेच वाटत आलं आहे.

‘घरी तयारी करते मी,’ ती म्हणाली. ‘आरशासमोर. विनोदसुद्धा. तू हसशील म्हणून कधी सांगितलं नाही.’

आणि निघून गेली. वर नाही, खाली. तिचा तास वर होता.

मला आनंद व्हायला हवा होता. हेच हवं होतं ना? आता मिळतंय तर अर्धी पोळी ताटात तशीच टाकून उठले. बरं, तिने आरशासमोर तयारी केली तर मी काय करू! मीही करते. माझी कोणाला दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

बुधवार, ५ डिसेंबर

विभागप्रमुख आला होता माझ्या टेबलाशी. ‘मॅडम, झुळूक मॅडमचं — म्हणजे, सॉरी — त्यांचं जरा बघाल का? म्हणत होत्या व्याख्यान रद्द करा. तुम्ही इतक्या जुन्या मैत्रिणी.’

म्हणजे हा साहेबही तिला झुळूक म्हणतो. आणि मला काय म्हणत असेल, ते काही वेगळं सांगायला नको.

‘बघते,’ म्हटलं.

६ डिसेंबर

आज सगळी पुस्तकं दोन पिशव्यांत भरली. ठरवलं होतं, सरळ तिच्या टेबलावर नेऊन ठेवायची. काय म्हणायचं ते रस्ताभर जुळवत गेले. ‘कपाट आवरताना सापडली.’ नको. ‘पॉन्डरससाठी लागली होती.’ नको. ‘चुकून.’ सात पुस्तकं चुकून? शेवटी ठरवलं, काहीच बोलायचं नाही, नुसत्या पिशव्या ठेवायच्या आणि उभं राहायचं. ती बोलेल ते ऐकून घ्यायचं.

स्टाफरूमच्या दारापर्यंत गेले. आत ती होती. चार-पाच पोरं भोवती, आणि माझी लेकसुद्धा! आज सकाळच्या गाडीने आली म्हणे, सरळ इकडेच. घरी आईकडे आधी नाही. मावशीच्या खांद्यावर हात टाकून बसली होती. ‘तू नुसती उभी राहिलीस तरी पुरे गं मावशी!’ सगळे हसले. तीही हसली. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, ते मला दिसलं. हसली तेही दिसलं.

मी दारातूनच मागे फिरले. दोन्ही पिशव्या घेऊन. खांद्यावर वळ उठले आहेत.

शुक्रवार, ७ डिसेंबर, सकाळ

ठरलं. मी पहिल्या रांगेच्या टोकाला बसणार. तिसरा खंड बरोबर नेते आहे. शेवटी प्रश्नोत्तरं असतात. तिचं बोलून झालं की मी हात वर करणार आणि ती म्हातारीची जागा वाचून दाखवणार. चूल पेटवण्याची. फक्त एवढंच. टीका नाही, काही नाही. म्हणजे लोकांना कळेल की शब्द कुठे होता आणि कोणी वाचला होता.

नीच आहे का हे? असेल. मग असू दे.

खंड जाड आहे. खांद्याच्या पर्समध्ये उभाच राहतो. कोपरा वर येतो, चेन अर्ध्यावरच अडकते. वरून रुमाल टाकला आहे.

लेक म्हणते, ‘आई, किती वेळ लावतेस! मावशीचं चुकेल.’

संध्याकाळ

व्याख्यान झालं. तिचं नाही. माझं.

ती उभी राहिली, हातात कागद नाही, आणि म्हणाली, ‘हा तास माझा नाही. फळा उघडला त्या दिवशी माझी मैत्रीण नवऱ्याच्या ऑपरेशनला गेली होती. दुसरं कोणी उचलू नये म्हणून मी नियम मोडून तिच्यासाठी शब्द धरला. ती म्हणाली, आपण तो केव्हाच सोडला. मी मानलं. पण शब्द सोडलेल्या माणसाचा चेहरा त्याचं नाव काढल्यावर असा होत नाही. मला ह्यातलं काही येत नाही. पुस्तकंही मिळाली नाहीत. तिला सगळं तोंडपाठ आहे. ये गं.’

सगळं सभागृह माझ्याकडे बघत होतं. ती खाली आली, माझ्या खांद्यावरची पर्स स्वतः काढून घेतली, मला पुढे ढकललं आणि माझ्या खुर्चीवर बसली. पर्स मांडीवर.

मी तासभर बोलले. आयुष्यात असं बोलले नव्हते. लोक हसले, दोघी-तिघी रडल्या, लेक उभी राहिली. मला पूर्ण वेळ फक्त ती पर्स दिसत होती.

खाली उतरले. ती म्हणाली, ‘छान बोललीस गं. चल, चहा घेऊ.’ आणि पर्स माझ्या हातात दिली. पुस्तक आडवं करून नीट बसवलेलं होतं, वर रुमाल घडी घालून ठेवलेला, आणि चेन शेवटपर्यंत लावलेली होती.